लिहिणाऱ्याले कोण मोजते?

मी टायपिंग लय फास्ट करते. फुशारकी मारून नाही राह्यली, पुढं कामाचं आहे म्हणून आधीच सांगून टाकते. उंद्रीवरून रोज सकाळच्या गाडीनं चिखलीले जाते, तिथं एका सेवा केंद्रात दोन वर्षांपासून बसते. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणं, पीक विम्याची तक्रार, नवऱ्यानं टाकून देल्याचं प्रतिज्ञापत्र, जे म्हणाल ते. लोक समोरच्या खुर्चीवर बसतात अन् बोलत सुटतात. सुनेचं सांगतात, भावकीतलं सांगतात, कुठं दुखते तेही सांगतात. तेवढ्यात दारात कोणी ओळखीचं आलं की एकदम गप. पण माझ्यासमोर कोणी गप होत नाही. बोटं चालू असली की कान बंद असतात, असंच वाटते लोकाईले.

मले हे आवडायचं, खरं सांगते. संध्याकाळी घरी आली की समोरच्या आजीच्या ओट्यावर बसायचं अन् दिवसभराचं सगळं ओकायचं. कोणाचं नाव नाही घ्यायची मी, पण किस्सा पूर्ण सांगायची, आवाज काढून. आजी म्हणे, "तुया पोटात पाणी तरी ठरते का वं?"

ही समोरची आजी माझी सख्खी आजी नाही. माझी आई अंगणवाडीत जायची, बाबा शेतात, म्हणून मी हिच्याच घरी वाढली. तिच्या ताटात जेवली, तिच्या गोधडीत झोपली. तिले मूलबाळ नाही. नवरा लय आधी गेला. त्याचा फोटो आहे भिंतीवर, मोठ्या कॉलरचा शर्ट, मधून भांग. अन् भाऊबीजेले आजी चंद्राले ओवाळते.

ज्या बाईले भाऊ नाही ती चंद्राले ओवाळते, हे आमच्याकडं लहान पोरीलेही माहीत असते. आजी ताट घेऊन अंगणात उभी राहायची, अन् बीजेचा तो नखाएवढा चंद्र दिसला की ओवाळायची. मी बाजूला तेलाची वाटी धरून. सातवीत असताना मले समजलं की तिले भाऊ आहे. मेहकरले आहे, सख्खा, मोठा, चांगला जिवंत. सुरुवातीची काही वर्षं तो दर भाऊबीजेले यायचा म्हणे, ओट्यावर टोपी काढून बसायचा, अन् ही आतून कडी लावायची. मंग यायचा बंद झाला. जिवंत भाऊ असताना चंद्राले ओवाळणं म्हणजे काय, हे मी फोड करून सांगत नाही. आमच्याकडं याच्याहून मोठी शिवी नाही.

काऊन, तर आणीबाणी. तेव्हा आजीचं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झालेली. तिच्या मालकाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नसबंदीची जीप गावोगाव फिरायची, माणसं धरून न्यायची. हा सायकलवर जीपच्या आधी पोचायचा अन् ओरडायचा, "पळा रे, ज्वारीत पळा!" एकदा अमडापूरच्या बाजारात पेटीवर उभा राहून बोलला. त्याच्यावर वॉरंट निघालं. आजीनं भावाले चिठ्ठी पाठवली, माणसाले शेतातल्या गोठ्यात ठेवून घे, पहाटेच तेवढं विहिरीवर येऊ दे. भावानं ठेवून घेतलं, मेहकरजवळच्या शेतात, गोठ्यात. आठव्या दिवशी पोलीस सरळ त्या गोठ्यात गेले. घरी नाही विचारलं, शेजारी नाही विचारलं.

"सरळ गोठ्यात," आजी सांगे. "माहीत कोणाले? मले अन् त्याले. वहिनी तवा बाळंतपणाले माहेरी. मी तं नाही सांगितलं. राह्यला कोण?"

अन् तीन महिन्यांत भाऊ एका ऑफिसात चपराशी लागला. झालं. मालक जेलातून सुटून आला तेव्हा पाय सुजलेले, खोकला थांबेना, पुढची दिवाळी त्यानं पाहिली नाही.

यंदा उन्हाळ्यात माझ्या फोनवर एक फोन आला. आजीपाशी फोन नाही, तिचं सगळं माझ्याच नंबरवर येते. भावाचा मुलगा होता, पन्नाशीतला माणूस. म्हणे, बाबाले लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं अर्धं समजते. सारखं एकच बोलतात, बाईले आणा. आत्याले सांगता का?

मी धावत गेली. आजी तांदूळ निवडत होती, मान वर नाही केली.

"त्यानं सांगितलं का मी केलं म्हणून?"

"तो म्हणते मी नाही केलं. पहिल्यापासून तेच म्हणते ना तो."

"मंग ठीक. तो तेच म्हणो अन् मी हेच म्हणतो."

आता इथं मी गप बसायले पाहिजे होतं. पण मी कशाची बसते! केंद्रात माहितीच्या अधिकाराचे अर्ज मी ढीगभर टाईप केलेले, स्पर्धा परीक्षेसाठी तो कायदा पाठ. मी म्हटलं, "आजी, सरकारकडं कागद असन ना! पोलिसाले कोणी खबर देली, ते कुठं तरी लिहून ठेवलंच असन. अर्ज करू. जुना कागद मागता येते आता, आपला हक्क आहे तो."

तिचा हात थांबला. एवढ्या वर्षांत मी सांगितलेल्या हजार गोष्टींत ही एक गोष्ट तिनं पूर्ण ऐकली.

"कागदात त्याचं नाव असन?"

"असन तं असन, नसन तं नसन."

"नसलं तं मी जाईन मेहकरले," ती म्हणाली. "त्याच दिवशी जाईन. असलं तं त्याच्या मातीलेही नाही जाणार. लिही अर्ज."

मी सात मिनिटात लिहिला.

महिन्यानं उत्तर आलं. चार ओळी. मागितलेली माहिती गोपनीय स्वरूपाची आहे, देता येत नाही. खाली सही, ती पण अशी की कोणाची ते समजू नये. मी पेटली. अपील ठोकलं. सुनावणीचं पत्र आलं, बुलडाण्याले या. आजी म्हणाली मी पण येतो. मी म्हटलं चल.

गाडीत तिले खिडकी देली. लुगड्याचा पदर तोंडाशी धरून बसली होती, गाडी लागते तिले. मी बडबड करून राह्यली होती की तिथं काय काय बोलायचं. मधीच मी विचारलं, "आजी, तुले तर लिहिता येत नाही. मंग भावाले चिठ्ठी कशी पाठवली?"

"तुया आबाकडून लिहून घेतली. माया मालकाचा दोस्तच होता तो. गावात दुसरा होता कोण लिहिणारा?"

आबा म्हणजे माझे आजोबा, बाबाचे वडील. मी दहावीत असताना वारले. अख्ख्या गावाची पत्रं, अर्ज, लग्नाच्या याद्या तेच लिहायचे.

"म्हणजे आबालेही माहीत होतं की ते गोठ्यात आहेत."

आजी हसली, पदरातून. "तो लिहिणारा वं! लिहिणाऱ्याले कोण मोजते?"

मी पण हसली. म्हटलं, खरंच की, आमच्या केंद्रातही तसंच असते.

ते ऑफिस कोणतं, हे नाही सांगत. जिल्ह्यातलं होतं, एवढं पुरे. बाहेर बाकड्यावर दोन तास बसवलं. एक बाबू आला, अर्ज उलटासुलटा करून म्हणाला, "ताई, काऊन उकरून राह्यल्या? तवाचं सगळं जाळलं. मुदत संपलेले कागद जाळतात, नियम आहे."

"जाळल्याची यादी असते ना? ती दाखवा."

"आहे ना यादी."

"मंग दाखवा."

"ती गोपनीय आहे."

मी त्याच्याकडं पाहत राह्यली. म्हणजे राख पण दाखवत नाही हे लोक! आजीनं मले कोपर मारलं, "काय म्हणते तो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "जाळलं तं जाळलं, लपवते काय मंग?" बाबू पण हसला थोडं, मंग लाजला अन् आत गेला.

आतले साहेब बरे होते. पाणी मागवलं आजीसाठी. म्हणाले, "एक गठ्ठा निघालाय, दुसऱ्याच कपाटात होता म्हणून वाचला. त्यात एक कागद आहे तुमच्या प्रकरणाचा. पण खबर देणाऱ्याचं नाव देता येणार नाही. उद्या कोण आम्हाला खबर देईल मग?"

मी वीस वर्षांच्या वरच्या कागदांचं कलम म्हणायले तोंड उघडलं, पण आजी आधी बोलली.

"साहेब, तो जो कोणी असन तो माया वयाचा झाला असन. नाही तं मेला असन. आता काय खबर देणार तो? त्याले मुतायले उठता येत नसन."

साहेब खाली पाहून हसले. म्हणाले, "आजी, मेलेल्याचं पण सांभाळावं लागतं आम्हाला." मंग लिहिलं काही तरी अन् म्हणाले, नाव वगळून प्रत देऊ.

नाव वगळून! बाहेर आल्यावर मी पायऱ्यांवरच भांडायले लागली, की नावच तर पाहिजे, बाकीचं काय चाटायचं. आजी शांत होती. म्हणे, "येऊ दे. त्याच्यात काही तरी असनच. मायं मन सांगते."

पाकीट आलं ते केंद्राच्या पत्त्यावर, सोमवारी दुपारी. दुकानात गर्दी होती. मी एकीचा जातीचा दाखला अर्धा सोडून पाकीट फाडलं. एकच कागद, झेरॉक्स. फुलस्केपचं अर्धं पान, हातानं लिहिलेलं. खाली उजव्या कोपऱ्यात नावावर काळी जाड पट्टी ओढलेली, दोन बोटं लांब.

मी वाचायच्या आधी ओळखलं. ओळखायले वेळच लागला नाही.

माझे आबा लिहायचे तेव्हा आधी पूर्ण ओळीची वरची रेघ ओढायचे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात न उचलता. मंग तिच्या खाली अक्षरं लटकवायचे, दोरीवर कपडे वाळत घालतात तशी. त्याईचे मास्तर मोडी लिहिणारे होते, त्याईच्यापासून लागलेली सवय. शब्दाशब्दात रेघ तुटायचीच नाही. मले मुळाक्षरं त्याईनंच शिकवली, अन् मी पण तशीच लिहायची, तर शाळेत बाईनं माझ्या हातावर पट्टी मारली होती. तशी रेघ मी दुसऱ्या कोणाचीच पाहिली नाही. अन् ती रेघ त्या काळ्या पट्टीच्या आत गेलती अन् दुसऱ्या बाजूनं बाहेर निघालती. सरकारनं अक्षरं झाकली, रेघ राह्यली.

मंग वाचलं. सदर इसम हा मेहकर बाजूस मेव्हण्याचे शेतात गोठ्यात राहतो. पहाटे विहिरीवर येतो. त्याचे पत्नीने भावास पाठविलेली चिठ्ठी मी स्वतः पाहिली आहे. खबर खात्रीची आहे. माझे नाव कोठेही येऊ नये ही विनंती.

ह्या शेवटच्या ओळीवर माझं डोकं अडकलं. किती सरकारं आली अन् गेली, अन् ही एक विनंती सगळ्याईनं पाळली. आजीचा मालक वाचवता नाही आला कोणाले, पण हे सांभाळलं.

समोरची बाई म्हणाली, "ताई, मायं नाव बरोबर टाकजा हं." मी तिचं नाव चुकीचं टाकलं. दोनदा.

घरी गेली. आजी ओट्यावरच होती. "आला का वं कागद?"

"नाही आला," मी म्हटलं.

इतकं पटकन आलं तोंडातून. मी टाईप करते तेवढ्याच स्पीडनं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना, की आजी, तुझा भाऊ नाही, जा तू मेहकरले. हे मले त्याच संध्याकाळी सुचलं. पण ती पुढं विचारणारच, कशावरून? मंग कागद वाचून दाखवावा लागणार. अन् त्याच्यात चिठ्ठी आली की तिले आठवणारच चिठ्ठी कोणी लिहिली. ती अडाणी आहे, येडी नाही. भाऊ सुटला असता, पण त्याच्या जागी माझे आबा उभे राह्यले असते. आबाचा हार घातलेला फोटो आमच्या घरात अन् तिच्या मालकाचा तिच्या घरात, समोरासमोर, मधात फक्त रस्ता.

तिसऱ्या दिवशी मी बाबाले दाखवला. बाबानं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. आमच्या घरात एक गंमत चालते, म्हणजे चालायची. आबा बाबाले "यादीतला" म्हणायचे. नसबंदीच्या यादीत आबाचं नाव होतं, तीन पोरीच होत्या तेव्हा. मंग कसं काय की नाव कटलं, अन् दोन वर्षांनी बाबा झाले. "मायं नाव कटलं म्हणून तू हायेस बे, यादीतल्या," असं आबा म्हणायचे अन् सगळे हसायचे. मी पण हसली आहे लहानपणी, मांडीवर बसून.

बाबानं कागदाची घडी घातली. ते हसले नाहीत.

"कटलं कसं, हे कोणी विचारलं नाही कधी," ते म्हणाले.

"आजीले सांगायचं का?"

"आबा मेला. तिचा मालक मेला. आता कोणाचं काय भलं होणार हाय?"

"तिच्या भावाचं होणार आहे. तो जिवंत आहे."

बाबानं कागद माझ्या हातात परत देला. मंग म्हणाले, "थोडं थांब. पाहू." बस. हे "पाहू" मी सरकारी ऑफिसात शंभर वेळा ऐकलं आहे अन् शंभर वेळा शिव्या देल्या आहेत. आता ते माझ्या घरातून आलं अन् मले लय बरं वाटलं. थांबायले सांगितलं ना कोणी, मंग माझी काय चूक! मी दुसरा अर्ज पण करून टाकला, खबर देणाऱ्याचं नाव द्या म्हणून. उत्तर येईपर्यंत खात्री नाही, असं स्वतःले समजावलं. अक्षर ओळखायले मले सरकारची सही पाहिजे होती म्हणे!

रोज संध्याकाळी आजी विचारायची, आला का? रोज मी म्हणायची, नाही. किस्से सांगणं बंद झालं माझं. तिले वाटलं माझं कुठं तरी जमलं. "कोण हाय तो पोट्टा?" असं चिडवायची. मी हसून दाखवायची.

मंग मंगळवार. पाकीट येऊन आठ दिवस झालेले. भावाच्या मुलाचा फोन आला, म्हणे बाबा आज जरासे शुद्धीत आहेत, आत्यासोबत बोलायचं म्हणतात, फोन देता का? मी आजीपाशी नेला. स्पीकरवर टाकला अन् हातात धरून बसली, कारण तिले फोन धरता येत नाही. कागद माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होता. मी तो घरी ठेवत नव्हती, आई सापडवते सगळं.

तिकडून आधी नुसता श्वास आला. मंग जिभेत कापूस कोंबल्यासारखा आवाज.

"बाई..."

आजीचा चेहरा हलला. एवढा हलला की मले वाटलं ही आता बोलणार. तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळ्यानं विचारलं, आला? मी मान हलवली. नाही.

"बाई, मी नाही वं..."

"कागद नाही आला अजून," आजी फोनले म्हणाली. लय हळू, भावाले नाही, जशी कोण्या साहेबाले म्हणून राह्यली. अन् उठून आत गेली. तो तिकडं "बाई, बाई" करत राह्यला. शेवटी त्याच्या मुलानं फोन काढून घेतला असन. "राहू द्या ताई," तो म्हणाला. "तुम्ही लय केलं आमच्यासाठी."

मी त्याच वेळी सांगू शकत होती. आत जाऊन, चुलीपाशी. दहा पावलं. मी चप्पल घातली अन् घरी आली.

गुरुवारी सकाळी गाडीची वाट पाहत थांब्यावर उभी होती तर फोन. पहाटे गेले. दुपारी माती आहे.

मी परत फिरली. आजीनं मले रस्त्यातच पाहिलं, की ही ह्या टायमाले गावात कशी. ओट्यावर उभी राह्यली. मी सांगितलं. ती रडली नाही. खांबाले हात लावून खाली बसली अन् म्हणाली, "कागद आला का?"

तेव्हाही. भाऊ मेल्यावरही तिले कागद पाहिजे होता, कारण मातीले जायचं का नाही ते त्याच्यावर होतं.

मी पर्स उघडली. वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर. चिठ्ठीच्या ओळीवर ती हातानं "थांब" म्हणाली. मी थांबली. ती समोर आमच्या घराकडं पाहून राह्यली होती.

"अक्षर त्याचंच हाय?"

"हो. आबाचं आहे."

मले वाटलं ती आता शिव्या देईन, आबाले, आम्हाले. मी तयार होती. तिनं दुसरंच विचारलं.

"कवा आला हा?"

"दहा दिवस झाले."

तिनं बोटावर मोजलं. अंगठा एकेका पेरावर ठेवत, ओठ हलवत. मंगळवारापाशी आली अन् अंगठा तिथंच थांबला.

"तवा व्हता तुयापाशी?"

"हो."

"पिशवीत?"

"हो आजी."

ती उठली. आत गेली, पांढरं लुगडं नेसून आली, हातात एक पिशवी. मी म्हटलं, मी येते, चिखलीले गाडी बदलावी लागते, तुले समजणार नाही. ती म्हणाली, "नको येऊ. कागद दे." मी देला. तिनं तो चार घड्या करून कमरेले खोसला. गल्लीतून चालत गेली, पाठ सरळ. एकटीनं ती गाडीत कधीच बसली नव्हती.

ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं, हे नंतर समजलं. चूड लागून दोन तास झालेले. ती राह्यली तिथंच, दहाव्यापर्यंत. माहेरी इतक्या वर्षांनी राह्यली, ती अशी.

इकडं मी केंद्रात जात होती. गावात कोणाले काही माहीत नव्हतं. आईनं आबाच्या फोटोचा हार बदलला तर मी दुसऱ्या खोलीत गेली.

दहाव्याच्या दिवशी दुपारी फोन आला. भावाचा मुलगा. मागं लय माणसं बोलत होती, भांड्याचे आवाज.

"ताई, आत्यानं एक कागद काढला. सगळ्याईसमोर मले वाचायले लावला. पण नाव तं काळं केलेलं हाय."

"हो."

"इथं बसलेले सगळे मायाच बापाकडं बोट दाखवत आले आतापर्यंत. अर्धी सोयरीक तुटली आमची त्याच्यापायी. मी आत्याले विचारलं कोण हाय हा, तं आत्या म्हणते, तिले विचार. तिले वाचता येते."

माझ्यासमोर एक म्हातारा बसला होता, हयातीचा दाखला काढायले आलता. माझी बोटं की-बोर्डवर होती.

"फोन स्पीकरवर हाय," तो म्हणाला. "सांगा."

मी सांगितलं. आबाचं आडनाव म्हणजे माझंच आडनाव, ते तोंडातून निघताना असं वाटलं की कोणी दुसरंच हाक मारून राह्यलं. तिकडचे आवाज एकेक करून बंद झाले. मंग लांबून आजीचा आवाज आला.

"ऐकू नाही आलं मांगच्याईले. अजून एकदा सांग म्हणा. पूर्ण."

मी उभी राह्यली. म्हातारा माझ्याकडं पाहून राह्यला होता, दारात दोन बाया फॉर्म घेऊन थांबलेल्या. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका.